चुकांच्या वहीतली ‘शै.’

कुमुदताई,

तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा उठले, माईकपर्यंत गेले, तुमच्या फोटोला हात जोडले आणि परत येऊन जागेवर बसले. सगळ्यांना वाटलं, बाई गहिवरली. पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला, माधवरावांनी पाण्याचा ग्लास पाठवला. सव्वीस वर्षं दर रविवारी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून आपण बडोद्यातल्या मुलांना मराठी शिकवली, तेव्हा तुमच्या फोटोपुढे माझ्या तोंडून शब्द फुटू नये यात कुणाला नवल वाटलं नाही. शब्द फुटत होते, ताई. पण जे ओठांवर आले होते ते शोकसभेत बोलायचे नव्हते.

त्याच दिवशी सकाळी मी तुमचं पत्र वाचलं होतं.

पत्राकडे येतेच. आधी हे लिहायला का बसले ते सांगते. मंडळ तुमची छोटीशी स्मरणिका काढतंय. आपले चिटणीस माधवराव परवा घरी येऊन म्हणाले, “शैलाबाई, त्या दिवशी बोलायला नाही फावलं तर लिहून द्या. दोन पानं चालतील. भाषेचं टेन्शन घेऊ नका, पुण्याच्या बाई तपासून देणार आहेत.” शेवटचं वाक्य ते अगदी सहज बोलले आणि “चला, आवजो” म्हणून जिना उतरले. मी दार लावलं आणि कागद-पेन घेऊन बसले.

आपली पहिली भेट तुम्ही किती जणांना रंगवून सांगितलीत. आज मी सांगते. मुग्धा सात वर्षांची होती. दांडिया बाजारातल्या मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी मराठीचा वर्ग भरतो असं कळलं म्हणून तिला घेऊन आले. माझे वडील खानदेशातून रेल्वेत नोकरीला आले, मी जन्मले रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, शिकले गुजराती शाळेत. घरी खानदेशी, गल्लीत गुजराती, आणि या दोन्हींतून जे काही तयार झालं होतं त्याला आम्ही मराठी म्हणायचो. हॉलच्या दारात उभी राहून मी म्हणाले, “मुलीला मुकायला आलेय.”

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. “मुलीला मुकायला? अहो, असं अभद्र बोलू नका.”

मला कळेचना मी काय अभद्र बोलले. आमच्याकडे मुलाला शाळेत मुकून यायचं, दूध फ्रिजमध्ये मुकायचं, पाहुण्याला स्टेशनवर मुकायला जायचं. गुजरातीत मूकवुं म्हणजे ठेवणं, सोडणं, नेऊन पोचवणं. तुम्ही सगळ्या वर्गासमोर मला समजावलंत, “मराठीत मुकणं म्हणजे गमावणं. मूल आईला मुकलं म्हणजे त्याची आई गेली. तुम्ही मुलीला सोडायला आलात, मुकायला नव्हे.” मुलं हसली. मुग्धाही हसली, आणि ते मला जास्त लागलं. मी जायला वळले तर तुम्ही म्हणालात, “आता कुठे निघालात? बसा की तास संपेपर्यंत.”

मी मागच्या बाकावर बसले. सहा महिन्यांत तुम्ही मला लहान गट शिकवायला दिलात आणि अहोजाहो सोडून शैला म्हणायला लागलात.

तुम्ही मला काय दिलंत ते मी नाकारणार नाही. रागावले असले तरी खोटं लिहिणार नाही. शनिवारी दुपारी तुमच्या अकोट्याच्या फ्लॅटवर तुम्ही मला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायचात. आमच्या घरी शाळेची ‘शाया’ व्हायची आणि काळ्याचा ‘काया’. तो ळ माझ्या जिभेवर बसेपर्यंत तुम्ही “पुन्हा” म्हणत राहिलात. तुमचा आवाज कधी चढला नाही. चुकले की फक्त “पुन्हा.” तुमच्या घराण्यात तीन पिढ्या संस्थानच्या घोडदळातल्या, आणि तुमच्या पणजोबांच्या तलवारीचा विषय निघाला नाही असा एक गणेशोत्सव मला आठवत नाही. ती तलवार मी कधी पाहिली नाही, पण तुमचं ते “पुन्हा” ऐकलं की ती खरी असावी असं वाटायचं. बी.ए. व्हायला मला तुम्ही लावलंत. एम.ए.चा निकाल लागला तेव्हा घरच्यांच्या आधी तुम्हाला फोन केला. मी शिक्षिका झाले ती तुमच्यामुळे.

मग ती वही आली. लांब, पुठ्ठ्याची, तुम्ही तिला ‘चुकांची वही’ म्हणायचात. मुलं बोलताना, लिहिताना जे चुकायची ते डाव्या बाजूला, दुरुस्त रूप उजव्या बाजूला. “पप्पा जमून झोपले.” जेवून झोपले. “टीचरने मला ना पाडली.” नाही म्हटलं. “मला शनिवारी फावत नाही.” जमत नाही. हे शेवटचं तर तुमचं फार लाडकं. एखाद्या आईने दारात येऊन “ताई, शनिवारी फावेल का?” असं विचारलं की तुम्ही ती गेल्यावर मला म्हणायचात, “चोराचं फावतं, शैला. घरात कोणी नसलं की कार्ट्यांचं फावतं. शिक्षकाचं फावत नसतं.”

आपलं भांडण या वहीवरून सुरू झालं आणि शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचे, ताई, ज्याच्या घरात आजी, आई, काका सगळे ‘जमतात’ त्या पोराला आपण चुकतोस कसं म्हणायचं? तो त्याच्या घराची भाषा बोलतोय. तुम्ही म्हणायचात, “घरात आपण अनवाणी चालतो. म्हणून लग्नाला अनवाणी जातो का?” मी म्हणायचे, नाही जात, पण अनवाणी पायाला कोणी चूक म्हणत नाही. मग तुम्ही पर्स उचलायचात आणि आपण कोपऱ्यावर सेव उसळ खायला जायचो. तिथे तुम्ही उसळवाल्याशी असं अस्सल गुजराती बोलायचात की तो तुमच्या ताटलीत न मागता वर झणझणीत तरी ओतायचा. गुजराती गुजरातीसारखी, मराठी मराठीसारखी, असं तुमचं म्हणणं. दोघींचं मिश्रण फक्त उसळीच्या ताटलीत चालतं, असंही एकदा म्हणालात. मी तेव्हा हसले होते.

आता ऑनलाइन वर्गाबद्दल लिहायचंय आणि पेन जड झालंय.

बडोद्याची अर्धी तरुण मराठी घरं परदेशी गेली. टोरोंटो, न्यू जर्सी, मेलबर्न. माझी मुग्धाही मेलबर्नला. त्यांच्या मुलांसाठी मंडळाने ऑनलाइन मराठी वर्ग काढायचं ठरवलं, आणि तुम्ही मला म्हणालात, “हे तू कर. माझ्याच्याने ते स्क्रीनसमोर बसणं होत नाही.” चार महिने मी तयारी केली. चित्रं जमवली, छोट्या गोष्टी लिहिल्या, तुमच्या सुनेच्या लॅपटॉपवर बटणं शिकले. तुमची सून अल्पा, गुजराती घरातली, माझ्या शेजारी बसून “शैलाबेन, हवे आ दबावो”, आता हे दाबा, करत मला शिकवायची आणि माझ्याहून जास्त खूश व्हायची.

मग तो चाचणीचा तास झाला. पाच मुलं होती. टोरोंटोची तन्वी, नऊ वर्षांची, मध्येच म्हणाली, “टीचर, माझी आजी फोनवर रोज म्हणते, जमून घे, जमून घे. मी काय जमवायचं?” मी तिला सांगितलं, बाळा, तुझी आजी बडोद्याची. ती जमणं म्हणते म्हणजे जेवणं. पुस्तकात तुला ‘जेव’ सापडेल. दोन्ही लक्षात ठेव, एक आजीसाठी आणि एक पुस्तकासाठी. ती पोर इतकी खुलली. दुसऱ्या दिवशी तिच्या आजीचा मला फोन आला, त्या कारेलीबागेत राहतात. म्हणाल्या, “बाई, माझ्या नातीने काल मला विचारलं, आजी तू जमलीस का. नऊ वर्षांत पहिल्यांदा.” बोलता बोलता त्या रडल्या आणि मीही रडले.

तुम्ही त्या तासाला कॅमेऱ्याच्या बाहेर खुर्चीवर बसला होतात. मांडीवर वही होती. मी ‘जमणं’ समजावत असताना तुम्ही काहीतरी लिहीत होतात. मला वाटलं, तन्वीचा प्रश्न टिपून घेताय.

दोन आठवड्यांनी कमिटीने वर्ग पुण्याच्या एका बाईंना दिला.

मी तडक तुमच्याकडे आले. तुम्ही माझा हात हातात घेतलात. म्हणालात, “शैला, मी खूप सांगून पाहिलं. माधवरावांना पुण्याचाच उच्चार हवा होता. कमिटी म्हणजे कमिटी. जाऊ दे, आपला रविवार आपल्याकडे आहे ना.” मी तुमच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि तुम्ही माझ्या पाठीवर हात फिरवत राहिलात. तो हात मला अजून आठवतो. तो खोटा होता असं मला अजूनही म्हणवत नाही, आणि खरा होता असंही म्हणवत नाही.

शोकसभेच्या दिवशी सकाळी अल्पाने मला फोटो निवडायला बोलावलं. फोटो काढून झाल्यावर ती तुमच्या कपाटातल्या फाइली घेऊन आली. “शैलाबेन, मम्मीचे हे कागद तुम्हीच बघा ना. मला मराठी बोलता येतं, पण वाचायला समज नाही पडत.” वर्गाची फाइल वरच होती. त्यात तुमच्या अक्षरातल्या पत्राची प्रत होती. तुम्ही प्रत्येक पत्राची प्रत ठेवायचात. मलाही तीच सवय लावलीत.

“शैला मनापासून शिकवते, मुलांना ती आवडते. पण तिची मराठी बडोद्याची आहे. खाली खानदेशी, वर गुजराती. परदेशातल्या मुलांच्या कानावर पहिली मराठी पडेल ती स्वच्छ असावी असं मला वाटतं. तिला हे काम फावणार नाही. पुण्याच्या बाईंना विचारावं. मी हे लिहिलं ते तिला कळू नये, एवढी विनंती.”

मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदा सगळं कळलं. ‘खाली खानदेशी, वर गुजराती’ इथे आल्यावर मला माझे वडील दिसले, यार्डातून आल्यावर हात धुताना खानदेशीत गाणं गुणगुणणारे. त्यांची भाषा तुम्ही खाली ठेवलीत. तिसऱ्यांदा मी वाचलं ते शिक्षिका म्हणून, कारण तुम्ही मला तशीच तयार केलीत, आणि तेव्हा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनाकडे गेला.

‘तिला हे काम फावणार नाही.’

कुमुदताई, हे तुम्ही लिहिलंत? वहीच्या पहिल्या पानावर तुमच्याच अक्षरात ती चूक आहे. माझ्या मराठीतलं गुजराती दाखवायला तुम्ही जे पत्र लिहिलंत, त्यात ऐन मोक्याच्या जागी तुम्ही बडोद्याची मराठी लिहून गेलात. मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली. मला हसू आलं आणि हसताना घशातून भलताच आवाज आला. अल्पा स्वयंपाकघरातून धावत आली. चोराचं फावतं म्हणायचात ना? तुमचं मात्र फावलं, ताई. दोन वर्षं फावलं.

ही दोन वर्षं मी माधवरावांशी बोलले नाही. तुम्हाला हे माहीत होतं. त्यांच्या पत्नीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सगळं मंडळ भेटायला गेलं, मी गेले नाही. तुम्ही मला “अगं, जाऊन ये” म्हणालात, पण का जावं ते सांगितलं नाहीत. परवा ते आले तेव्हा मी घरी आणलेलं ते पत्र पुढे ठेवून विचारलं, तुम्ही मला एका शब्दाने का नाही सांगितलं? ते म्हणाले, “ताईंनी तसा शब्द मागून घेतला होता. आणि बाई, तुम्ही दोघी भांडल्या असत्या तर रविवारी शिकवलं कोणी असतं?” त्या माणसाने माझा राग गप्प बसून सोसला. मी त्यांची माफी मागितली. ती खरं तर तुम्ही मागायची होती.

आणि ईरा. हे तुम्हाला माहीत होतं म्हणूनच मला जास्त लागतं. माझी नात पुण्याच्या बाईंच्या वर्गाला बसायला लागली. त्या बाई चांगल्या आहेत, मन लावून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. एका रविवारी व्हिडिओवर मी ईराला विचारलं, जमलीस का गं? ती म्हणाली, “आजी, जमलीस नाही म्हणायचं. ते राँग आहे. जेवलीस म्हणायचं. तू बडोद्याचं मराठी बोलतेस.” सहा वर्षांची पोर. तिने जे शिकलं ते सांगितलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी तोलून-मापून बोलते. पूर्वी आमचा फोन तासभर चालायचा, मध्येच ती बाहुलीला भरवायची, मी भाजी निवडायचे. आता दहा मिनिटांत आटोपतो. शब्द तपासून बोलायचं म्हटलं की आजीला सांगण्यासारखं फारसं उरत नाही.

मी हे तुम्हाला सांगायला आले होते.  ऐकून तुम्ही उठलात आणि म्हणालात, “चहा टाकते.” तुमच्या घरी चहा अल्पा टाकते, ताई. तुम्हाला साखरेचा डबाही सापडला नव्हता. मला वाटलं, माझ्या दुःखाने तुम्ही हलल्यात. हललाच असाल. पण तुम्हाला माहीत होतं की त्या वर्गात ईराची टीचर मी असू शकले असते, आणि का नव्हते.

एक गोष्ट स्वच्छ लिहिते, म्हणजे कोणी माझ्या रागाचा भलता अर्थ लावायला नको. माझी मराठी बडोद्याची आहे, हे खरंच आहे. कमिटीला दुसऱ्या बाई हव्यात असं तुम्हाला वाटलं, तो तुमचा अधिकार होता. तुम्ही माझ्या तोंडावर म्हणाला असतात, शैला, मला हे तुझ्याकडून नको आहे, तर मी भांडले असते. दोन रविवार आले नसते. तिसऱ्या रविवारी आले असते आणि टेबलाच्या माझ्या बाजूला बसले असते. आपण दोघी याहून मोठी भांडणं करून उसळ खायला गेलो आहोत. तुम्ही ते भांडणच मला करू दिलं नाहीत. मागून निकाल लावलात आणि पुढून पाठीवर हात फिरवलात.

फाइलीखाली ती वही होती. तुम्ही तिला नवं कव्हर घातलं होतं. मी पानं उलटत गेले. मुलांची वाक्यं, त्यांची नावं, वर्ग. आणि मधूनमधून एका वाक्यापुढे ‘शै.’ असं लिहिलेलं. आधी वाटलं, कोणी शैलेश असेल. मग वाक्यं वाचली. “छत्री दाराशीच मुकली.” शै. “मला आज नाही फावणार.” शै. “हाश, झालं एकदाचं.” शै. सव्वीस वर्षांतली माझी वाक्यं, बोलण्याच्या ओघात निसटलेली, मुलांच्या चुकांमध्ये ओळीने लावलेली. उजवीकडे दुरुस्त्या. मी एम.ए. झाल्यानंतरच्या पानांवरही ‘शै.’ आहे. शेवटची ‘शै.’ त्या चाचणीच्या तासाची. डावीकडे “जमणं म्हणजे जेवणं, एक आजीसाठी आणि एक पुस्तकासाठी”, आणि उजवीकडे काहीच नाही. तुम्हाला तिथे काय लिहावं ते सुचलं नसावं. पत्र चारच दिवसांनंतरचं आहे.

मी तुमच्या पलंगावर बसून ती वही शेवटपर्यंत वाचली. संताप होत होता. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की माझं बोलणं आयुष्यात इतकं लक्ष देऊन कोणी ऐकलं नाही. नवऱ्याने नाही, मुग्धाने नाही. “हाश” म्हटलेलंसुद्धा तुम्ही ऐकलंत. मला या दोन गोष्टी एकत्र कुठे ठेवाव्यात ते कळत नाही. तुम्ही असतात तर विचारलं असतं.

अल्पा शेजारी येऊन बसली. मी तिला पत्र वाचून दाखवलं नाही, फक्त वहीतलं वाचून दाखवलं. ती हसायला लागली. म्हणाली, “पण मम्मी तर घरात असंच बोलायच्या, शैलाबेन. जमायला बसा, आ मुकी दे, फावेल तसं कर. तुम्ही आलात की बदलायच्या. बेल वाजली की.”

बेल वाजली की. म्हणजे सव्वीस वर्षं मी त्या घरात येत राहिले आणि तुम्ही माझ्यासमोर एकदाही चप्पल काढली नाहीत. मी तर तुमच्याकडे अनवाणीच यायचे. तुमच्याही घरात तेच होतं ताई, तीच भाषा, तीच मिसळ, पण ती लिहून ठेवताना पुढे अक्षर नेहमी माझंच आलं.

म्हणूनच हॉस्पिटलमधली ती दुपार आता मला वेगळी आठवते. तुम्हाला जाऊन पंधरा दिवसही झाले नाहीत, तेव्हा ती रोजच आठवते. अल्पा डबा आणायला गेली होती. तुम्ही डोळे उघडलेत, माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, “शैला, मला घरी मुकून ये.”

मी दुरुस्त केलं नाही. “हो ताई, मुकून येते,” म्हणाले. मग बाहेर जाऊन बाकावर बसले आणि रडले. मला वाटलं होतं, शेवटी एकदा तुम्ही माझ्या भाषेत बोललात, वहीवरून चाललेलं भांडण तुम्ही हरून मला देऊन टाकलंत. आता कळतं की तुम्ही मला काही देत नव्हतात. बेल ऐकू यायची बंद झाली होती, इतकंच. आणि तरीही ताई, घरी न्यायला तुम्ही मलाच सांगितलंत. अल्पा दहा मिनिटांत येणार होती. तुमचा मुलगा खाली औषधं विकत घेत होता. तुम्ही माझं मनगट धरलंत. मला नेता आलं नाही. चौथ्या दिवशी अकोट्याच्या पुलावरून तुमची गाडी गेली तेव्हा मी मागच्या रिक्षात होते.

काल मी अल्पाकडून मागून आणलेली ती वही उघडली आणि शेवटच्या ओळीखाली लिहिलं, “शैला, मला घरी मुकून ये.” पुढे लिहिलं, ‘कु.’ उजवीकडे ‘सोडून’ लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. ती जागा कोरीच आहे.

हा लेख मी माधवरावांना असाच देणार आहे. छापायचा तर छापतील, नाही तर ना पाडतील. पुण्याच्या बाईंना एकच विनंती, वर जिथे जिथे लाल रेघ मारावीशी वाटेल तिथे मारा, मला राग नाही. फक्त आता पुढे जे लिहितेय त्याला हात लावू नका. तिथे तुम्हाला ‘मुकलात’ हवं असेल. माझ्या ताईंनीही तेच हवं म्हटलं असतं. ‘तुम्ही मला मुकलात’ म्हणजे तुम्ही मला गमावलंत, असं ते पुस्तकातलं वाक्य होईल. पण मला ते म्हणायचं नाही. मी बडोद्याची आहे आणि आमच्याकडे मुकलं म्हणजे नेता नेता वाटेत ठेवून दिलं.

कुमुदताई, तुम्ही मला मुकलंत.

आणि मी तुम्हाला मुकले. हे तुम्ही पहिल्या दिवशी दारात शिकवलंत तसंच लिहिलंय, पुन्हा म्हणू नका.